मशीन टीप का सोडतं?
घरगुती शिवण आणि मशीन भरतकाम : प्रस्तावना

खानदेश कापूस पिकवतो आणि पॉलिस्टर नेसतो. हे वाक्य कुणाला झोंबेल, पण जळगावच्या फुले मार्केटमध्ये नाहीतर धुळ्यात पाचकंदीलजवळच्या एखाद्या कापड दुकानात तासभर बसून पाहावं. इथला कापूस जिनिंगमध्ये सरकी काढून, गाठी बांधून बाहेरगावी निघून जातो. सुरतेहून परत येणाऱ्या साड्या, ड्रेस मटेरियल आणि अस्तरं बहुतांशी कृत्रिम धाग्याची असतात. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा 45च्या पुढे सरकतो, तेव्हा तेच अस्तर पाठीला चिकटतं आणि बाई शिवणारणीला बोल लावते. कापड कुठून आलं, कशाचं आहे, ते मशीनखाली कसं वागतं आणि अंगावर कसं वागेल, हे जिला आधी कळतं तिची अर्धी शिवण कात्री लावायच्या आधीच झालेली असते. हे पुस्तक तिथूनच सुरू होतं, म्हणून मला ते महत्त्वाचं वाटलं.

कापडाशी या मुलखाचं नातं जुनं आहे. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, लँकेशायरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना आणि खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पुढे जळगावात खानदेश मिल, अमळनेरला प्रताप मिल, धुळ्यात न्यू प्रताप मिल उभ्या राहिल्या. फैजपूर तर त्याआधीपासून रंगाईसाठी आणि छापील कापडासाठी नावाजलेलं गाव. 1936च्या डिसेंबरात काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन त्याच फैजपुरात झालं आणि नंदलाल बोस यांनी तिथली सजावट गावातल्याच साध्या साहित्यातून उभी केली. गिरण्यांचा, कामगारांचा, सूतकताईचा इतिहास थोडाफार लिहिला गेला आहे. पण ते कापड घरात आल्यावर त्याचं पोलकं, परकर, झबलं, कुंची, बंडी, उशीचा अभ्रा कुणी आणि कसा केला, याची नोंद कुठेच नाही. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात शेकडो वर्षांची दफ्तरं नीट जपलेली आहेत. ती ज्या बासनांत बांधत, ती शिवणाऱ्या हातांबद्दल त्या दफ्तरांत एक ओळ सापडायची नाही.

शिवणयंत्राबद्दल मात्र बरंच लिहिलं गेलं, त्यातलं काही भलतंच गोड. 1924 साली यंत्रांना तुमचा विरोध सरसकट आहे का, असं एका तरुणानं विचारलं तेव्हा गांधीजींनी सिंगरच्या मशीनला अपवाद केलं. बायको हातानं शिवत बसते ते न बघवून सिंगरनं प्रेमापोटी हे यंत्र घडवलं, अशी त्यांची समजूत होती. खरी गोष्ट वेगळी. आयझॅक सिंगर मुळात नट. त्यानं एकाच वेळी एकाहून जास्त संसार थाटले होते. 1851 साली त्यानं घेतलेल्या पेटंटमागे प्रेमापेक्षा व्यवहार जास्त होता, आणि सुई-शटलच्या ज्या रचनेवर यंत्र चालतं तिचं पेटंट एलियास होव याच्याकडे 1846 पासून असल्यानं सिंगरला त्याला पैसे मोजावे लागले. तरीही गांधीजींचा निष्कर्ष मला पटतो. माणसाच्या हातातलं काम काढून न घेता त्याचे कष्ट तेवढे कमी करणारी यंत्रं थोडी, आणि हे त्यातलं एक.

आपल्या घरांत ते यंत्र आलं ते बहुधा काळं, सोनेरी वेलबुट्टीचं, लोखंडी पायांचं. कुणाचं सिंगर, कुणाचं उषा, कुणाचं रीटा. लग्नात आहेर म्हणून मिळालेलं, भिशीचे पैसे उचलून घेतलेलं किंवा सासूकडून सुनेकडे आलेलं. चाकाला छोटी मोटर बसवायची सोय आता सर्रास आहे, तरी पायाचं मशीन मोडीत काढायची घाई करू नये असं लेखिकेचं मत आहे आणि माझंही. ज्या वर्षांत इथे दिवसाचे कितीतरी तास वीज नसायची, त्या वर्षांत याच मशीनवर घरं चालली. दुसरं कारण तांत्रिक आहे. हाताच्या मशीनवर एक हात चाक फिरवण्यात अडकतो, पायाच्या मशीनवर दोन्ही हात कापडावर राहतात, आणि मोटरपेक्षा पायाचा वेग नवशिकीच्या ताब्यात लवकर येतो. मशीन भरतकाम शिकायचं असेल तर दोन हात आणि संथ वेग या दोन्ही गोष्टी लागतातच.

आता वहीकडे वळू. खानदेशातल्या कुठल्याही गावात शिवणाचा क्लास केलेल्या बाईकडे एक वही असते. दोनशे पानी, पुठ्ठ्याला ब्राऊन पेपरचं कव्हर, आत ट्रेसिंग पेपरवर पाव मापाचे कागदी ब्लाउज चिकटवलेले. शेजारी सूत्रं लिहिलेली असतात : छातीचा चौथा भाग अधिक दीड इंच, गळा छातीचा बारावा भाग, मुंढा म्हणजे छातीच्या चौथ्या भागातून दीड इंच वजा. कुणी झारापकर पद्धतीचं पुस्तक वापरतं, कुणी बाईंनी सांगितलेलं उतरवून घेतं. आयटीआयमध्ये सिव्हिंग टेक्नॉलॉजीचा वर्षाचा रीतसर अभ्यासक्रम आहे, पण बहुतेकींचं विद्यापीठ म्हणजे गल्लीतल्या बाईंचा उन्हाळी क्लास. या वह्यांबद्दल मला आदर आहे. पण त्यांत एक उणीव आहे : सूत्र असतं, त्यामागचं कारण नसतं.

कारण माहीत नसलं की काय होतं ते पाहा. 32 छातीला वरच्या सूत्रानं मुंढा येतो साडेसहा इंच. 36 ला साडेसात. दोन्ही ठीक बसतात. आता 44 घ्या. मुंढा येतो साडेनऊ. गळ्याची रुंदी 32 ला पावणेतीन इंचांच्या आत होती, ती 44 ला साडेतीनच्या वर जाते. वहीप्रमाणे सगळं बरोबर, आणि ब्लाउज साफ बिघडलेला. खांदे उतरतात. काखेत कापडाचा झोळ येतो. हात वर केला की आख्खा ब्लाउज वर सरकतो, कारण मुंढा जितका खोल तितकं हाताबरोबर अंगातलं कापड ओढलं जातं. काकू म्हणतात, “माझं अंगच तसलं, मला कुणाचंच शिवलेलं बसत नाही.” दोष काकूंच्या अंगाचा नाही. वय वाढतं, बाळंतपणं होतात, तशी छातीची गोलाई वाढते, पण खांद्याची हाडं आहेत तिथेच राहतात. छातीच्या मापावरून खांदा, गळा आणि मुंढा काढणारं सूत्र हे गृहीत धरतं की शरीर सगळीकडून सारख्या प्रमाणात वाढतं. मधल्या मापांना ते गृहीतक चालून जातं, दोन्ही टोकांना ते तुटतं. म्हणून या पुस्तकात खांदा, मुंढा आणि पाठीची रुंदी स्वतंत्र मोजायला सांगितलं आहे. छातीच्या सूत्राचा उपयोग फक्त पडताळ्यासाठी. क्लासच्या बाईंना हे आवडणार नाही, कारण एका मापात सगळा ब्लाउज काढून दाखवण्याची जादू त्यात उरत नाही.

तीच गत उभ्या-आडव्या धाग्याची. कापड उभ्या धाग्यावर बेतायचं हे सगळ्या सांगतात. पण उभा धागा मागावर ताणून बांधलेला असतो म्हणून तो कमी लवतो, आडवा थोडा जास्त, आणि तिरपं कापलं, म्हणजे उरेब, तर कापड सगळ्यांत जास्त ताणतं, हे कळलं की गळ्याला उरेब पट्टीच का लावायची ते वेगळं पाठ करावं लागत नाही. सुती कापड पाण्यातून काढून मगच बेतायचं, कारण उभे धागे पहिल्या धुण्यात ताण सोडतात आणि कापड आटतं. अस्तर न आटवता शिवलेला ब्लाउज दोन धुण्यांत आतून गोळा होतो आणि गिऱ्हाईक तुटतं.

आता शीर्षकातल्या प्रश्नाकडे येतो. मशीन टीप सोडायला लागलं की घरोघरी एकच उपाय होतो : टेन्शनचा स्क्रू फिरवणं. तो आवळला, सैल केला, पुन्हा आवळला, आणि शेवटी मेकॅनिकला फोन. खरं म्हणजे टीप सुटण्याशी टेन्शनचा संबंध फार थोडा. सुई खाली जाते, परत वर यायला लागते, त्या क्षणी कापडाला धागा अडतो आणि सुईच्या नाकामागे धाग्याचं एक छोटं कडं तयार होतं. शटलचं टोक नेमकं त्या कड्यातून जातं, वरचा धागा खालच्या बॉबिनच्या धाग्याभोवती फिरतो, आणि टाका बसतो. कडं झालंच नाही, लहान झालं किंवा शटलच्या टोकापासून लांब राहिलं, तर टाका सुटला. मग शोध घ्यायचा तो याचा. सुई बोथट किंवा वाकडी आहे का? पूर्ण वर बसवली आहे का? लांब खाच ज्या बाजूला असते त्या बाजूनं धागा ओवला आहे का? जाड कापडाला बारीक सुई लावली आहे का? सुईच्या पाकिटावर 90/14 असं असतं, त्यातला 90 म्हणजे सुईची जाडी 0.9 मिलिमीटर. रुबियाला ती चालते, जीनच्या कापडाला 16 नंबर घ्यावी लागते. आणि पॉलिस्टर मुद्दाम त्रास देतं ते असं की ते सुईला चिकटून तिच्याबरोबर वर उचललं जातं. कापडच वर उचललं तर धागा अडणार कुठे आणि कडं होणार कसं?

एवढी यंत्रणा मी इथे उलगडली त्याला कारण आहे. मशीन भरतकामाचं मर्म नेमकं याच ठिकाणी आहे, आणि ते कळल्याशिवाय त्या प्रकरणातल्या सूचना नुसता हुकूम वाटतात.

साध्या शिवणात कापड पुढे सरकवण्याचं काम खालचे दाते करतात आणि कापड दाबून धरण्याचं काम वरचा फूट. भरतकामात दाते खाली घ्यायचे किंवा त्यांवर प्लेट बसवायची, आणि फूट काढून टाकायचा. म्हणजे सरकवणारं कोणी नाही, दाबणारंही कोणी नाही. सरकवायचं काम तुमचे हात करणार. दाबायचं काम कोण करणार? रिंग. म्हणून रिंगेत कापड ढोलक्यासारखं ताठ हवं. सैल असलं तर ते सुईबरोबर वर उचललं जातं, कडं होत नाही, टाके सुटतात, धागा तुटतो. आतल्या रिंगेला सुती पट्टी गुंडाळून घ्यायची ती कापड घसरू नये म्हणून. हाताच्या भरतकामात कापड रिंगेच्या वरच्या अंगाला असतं, मशीनवर ते खालच्या अंगाला हवं, म्हणजे मशीनच्या पाटाला टेकेल. वरच्या धाग्याचं टेन्शन मात्र इथे खरोखरच थोडं सैल करायचं, म्हणजे गाठ खाली ओढली जाते आणि वर नुसती रेशमी चमक दिसते. बॉबिन केसचा स्क्रू शक्यतो हलवू नये. हलवावाच लागला तर धाग्याला धरून केस लोंबती सोडायची आणि हलका झटका द्यायचा. ती किंचित घसरून थांबली पाहिजे. आपोआप खाली गेली तर सैल, जागची हललीच नाही तर घट्ट. फूट चढवलेला नसला तरी त्याची दांडी शिवताना खाली करायलाच हवी, नाहीतर टेन्शनच्या चकत्या उघड्या राहतात आणि खाली धाग्याचं जाळं होतं. हे शेवटचं वाक्य पुस्तकात तीन ठिकाणी आलं आहे. संपादकांना ते काटायचं होतं. मी म्हटलं, राहू द्या.

सुरतेच्या लिंबायत, उधना भागात खानदेशातली हजारो कुटुंबं राहतात. आखाजीला, दिवाळीला घरी येताना पिशवीत लेसचे तुकडे आणि कटपीस असतातच. तिथल्या एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यांत अनेक डोक्यांची मोठी यंत्रं एकच फूल एकाच वेळी अनेक ठिकाणी भरतात. ते पाहून घरी रिंग धरणारीला वाटतं, आपलं काम आता संपलं. तंत्र बघितलं तर दोन्ही यंत्रं एकाच घराण्यातली आहेत. तिथेही सुई फक्त वर-खाली होते आणि कापड ताणून धरलेली चौकट हलते. इथे ती दोन हातांनी हलते, तिथे मोटरीनं. स्वित्झर्लंडमधल्या आयझॅक ग्रोबलीनं 1863 मध्ये शिफली यंत्र काढलं, तेव्हापासून भरतकामाच्या कारखान्याची कल्पना हीच आहे. आता घरी वापरायची छोटी संगणकी यंत्रंही मिळतात. ती घ्यावीत का, याचं उत्तर पुस्तकात हिशेबासकट आहे. माझं मत थोडक्यात असं : रोज नावं, लोगो, शाळेचे बिल्ले असं ठरलेलं काम मिळत असेल तर घ्यावं. नुसती हौस असेल तर आधी हातानं रिंग हलवायला शिकावं, कारण कापड गोळा का होतं, मागे बकरम कधी लावायचं, टाके कुठे दाट आणि कुठे विरळ हवेत, हे संगणक सांगत नाही. तो नुसता बिघडलेलं काम जास्त वेगानं करून देतो.

काही कामं मशीनवर होतच नाहीत, तेही मान्य करायला हवं. चाळीसगाव, जामनेर भागातल्या तांड्यांवर बंजारा बायांच्या फेट्या (घागरे) आणि कांचळीवर (चोळीवर) जे आरशाचं भरत दिसतं, त्यात काच आधी आडव्या-उभ्या धाग्यांनी जखडतात आणि मग त्या धाग्यांत टाके गुंफत कडेनं फिरतात. मशीनची सुई काचेवर आदळली तर सुईच तुटते. बाजारात ‘मिरर वर्क’ म्हणून मशीनवर केलेलं जे मिळतं, त्यात काचेऐवजी चमकी किंवा प्लॅस्टिकची टिकली असते. तिला बंजारा भरत म्हणून विकू नये. लेखिकेनं हे नमुने प्रकल्पांच्या यादीत घेतलेले नाहीत. हाताचं ते काम ज्यांचं आहे त्यांच्याकडूनच शिकावं, असं त्यांनी म्हटलं आहे, आणि ते योग्यच आहे.

गोधडीबद्दल पुस्तकात दोनच पानं आहेत. त्यावर भांडायला हरकत नाही, पण जुनी लुगडी एकावर एक ठेवून धावदोऱ्यानं शिवलेली गोधडी हा मशीनचा विषय नाही. मशीनची टीप थरांना घट्ट दाबते, गोधडी कडक होते. हातानं घातलेला सैल धावदोरा तिला मऊ ठेवतो.

पैशाचं मात्र स्पष्ट बोललं पाहिजे, कारण ‘घरगुती’ म्हटलं की लोक मजुरी अर्धी समजतात. लग्नसराईत पिको-फॉलच्या साड्यांचा ढीग घरी येतो. त्यातल्या निम्म्या नात्यातल्या असतात आणि नात्यातली बाई पैसे विचारत नाही, ‘सावकाश दे’ म्हणते, म्हणजे उद्या. पुस्तकातल्या हिशेबाच्या प्रकरणात धागा, सुई, तेल आणि वीज तर धरली आहेच, पण सगळ्यांत मोठा आकडा वेळेचा आहे. तो पाहून काहीजणींना धक्का बसेल. सरकारी योजनांचाही आधार घ्यावा. 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या 18 व्यवसायांत शिंपीकाम आहे आणि अवजारांसाठी 15,000 रुपयांची तरतूद आहे. पण योजना आली म्हणजे काम नीट होतं असं नाही. 2024-25 च्या शालेय वर्षात राज्यानं शाळेचे गणवेश महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांतल्या बायांकडून शिवून घ्यायचं ठरवलं. कल्पना चांगली होती. पण कापड उशिरा पोचल्याच्या, मापं न बसल्याच्या तक्रारी राज्यभर झाल्या आणि काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेलं. कापड मध्यवर्ती ठिकाणी ठरावीक मापांत कापायचं आणि फक्त टीप मारायला गावात पाठवायचं, यात चुकलेल्या मापाचा दोष टीप मारणारीच्या माथी येतो. मूल समोर उभं करून माप घेणारी बाई त्या व्यवस्थेत कुठेच नव्हती.

वाचणारीनं कुठून सुरुवात करावी? ब्लाउजपासून नको. सगळ्याजणी ब्लाउजपासूनच सुरू करतात, आणि कटोरीच्या चौथ्या टक्सला कंटाळून मशीनवर कव्हर घालतात. पुस्तकातला क्रम असा : बाजाराची पिशवी, अभ्रा, परकर, मग तान्ह्या बाळाचं झबलं आणि कुंची. कुंचीत सरळ टीप, गोलाई, चुण्या आणि अस्तर एवढं सगळं येतं, आणि बाळ मापाबद्दल तक्रार करत नाही. भरतकामाची पहिली रिंग रुमालावर नको, जुन्या सुती साडीच्या तुकड्यावर धरावी. नवीन कापड महाग असतं म्हणून हात आखडतो, आणि आखडलेल्या हातानं रिंग फिरत नाही.

आणि त्याआधी पहिलं प्रकरण, जे बहुतेकजणी ओलांडून पुढे जातील. त्यात काहीच शिवायचं नाही. सुईखालची प्लेट उघडायची, शटलच्या घरात साचलेला कापसाचा भुसा ब्रशनं काढायचा आणि खुणेच्या प्रत्येक भोकात मशीन ऑइलचा एक थेंब टाकायचा. खोबरेल टाकू नये. थंडीत ते थिजतं, उन्हाळ्यात चिकट होतं, आणि मग मशीन जड चालतं म्हणून पुन्हा तेच टाकलं जातं. तेल टाकल्यावर धाग्याशिवाय मशीन पाच मिनिटं चालवायचं, निघालेलं काळं तेल फडक्यानं पुसायचं, सुई बदलायची. मग एका टाकाऊ तुकड्यावर सरळ टीप मारून ती उलट बाजूनं बघायची. खाली धागा लोंबत असेल तर वरचं टेन्शन सैल आहे, वर बॉबिनचे ठिपके दिसत असतील तर घट्ट आहे. दोन्ही बाजू सारख्या दिसेपर्यंत दुसरं प्रकरण उघडू नये.